असे त्या म्हणाल्या

“कोन बोलली हे? मी बोलली? कवा बोलली मी?” आई अंगणातून ओरडत होती. एका हातात सूप, दुसऱ्या हातात पेपरची सुरळी. तिच्या त्या आवाजानं छपराच्या कवेलूंवर बसलेली कबुतरं जी उडाली ती थेट वडशाच्या रेल्वे स्टेशनावर जाऊन उतरली, असं आमचे शेजारी पुढं कितीतरी वर्षं शपथेवर सांगत. मी धान साठवायच्या ढोलीमागं दडले होते. बाबा खाटेवर बसून त्याच पेपरचं आतलं पान तोंडासमोर धरून होते आणि राशिभविष्य वाचत होते. धम्मदीक्षेच्या बावीसच्या बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ असलेला तो माणूस आपली रास कोणती हेही जाणत नव्हता. पण त्या सकाळी बारा राशी त्यांनी दोनदा वाचून काढल्या. “शकूचे बाबा, खाली करा तो कागद! आन् ते कुठी हाये, लिहिनारी? शके! बाहीर ये!”

मी बाहेर आले नाही. एकोणीस वर्षांची, बी.ए.च्या पहिल्या वर्षाला, कॉलेजात वादविवादाचं बक्षीस मिळवलेली मुलगी आईच्या सुपासमोर बाहेर येत नसते.

आधी बाबांचं सांगते. बाबा आमच्या गावात पेपरचे एजंट होते, आणि एजंट असतो तोच वार्ताहर, असा त्या काळी रिवाज. सकाळच्या एसटीतून गठ्ठा उतरवायचा, घरोघरी टाकायचा, आणि दुपारी गावात जे काही घडलं असेल ते लिहून पाकिटात घालून तीनच्या चंद्रपूर गाडीच्या कंडक्टरजवळ द्यायचं. कंडक्टर ते पाकीट तिकिटाच्या पेटीखाली ठेवी, चंद्रपूरला स्टँडवर पेपरचा माणूस ते घेई, आणि दुसऱ्या सकाळी तीच बातमी छापून आमच्याच गावात उतरे. आता यात एक अडचण होती. गाडी तीनला जायची आणि गावात जे काही घडायचं ते सारं संध्याकाळी पाचनंतर घडायचं. सत्कार असो, सभा असो, सगळं शेतातली माणसं परतल्यावर. म्हणून बातमी आधी लिहून जायची आणि कार्यक्रम मग व्हायचा. हे काही आमच्याच घरचं गुपित नव्हतं. त्या रस्त्यावरच्या प्रत्येक गावचा वार्ताहर असाच दोन तास पुढं जगत होता.

पण बाबांचा त्यात एक नियम होता. हस्ताक्षर माझं चांगलं म्हणून ते सांगत आणि मी लिहीत असे, तेव्हा पहिल्याच दिवशी त्यांनी मला बजावलं होतं, “शकू, घडायच्या आधी लिवाचं तर जे चुकूच शकत नाई तेवढंच लिवाचं. गर्दी, हार, टाळ्या. नेता काय बोलला ते लिवाचं नाई. काय बोलला ते त्याले सुद्धा मालूम नसते.” आणि खरंच, बाबांच्या बातम्यांत सगळे नेते ‘घणाघाती’ बोलत, ‘समर्पक’ बोलत, ‘तासभर’ बोलत, काय बोलत ते कधीच येत नसे. वर्षानुवर्षं कोणी विचारलंही नाही.

या धंद्यानं बाबांची घरातली भाषासुद्धा बिघडली होती. आई चुलीवर लाखोरीचं वरण करायची, अंबाडीची भाजी, वर जवसाची चटणी. कधी नदीचे झिंगे आले तर त्यांचा लालभडक रस्सा, ज्याच्या वासानं गल्लीतली कुत्री आमच्या दाराशी सभा भरवत. बाबा पहिला घास घेत आणि म्हणत, “सदर वरणात मिठाचा अभाव असल्याचं निदर्शनास आलं.” आई मिठाचा डबा त्यांच्यासमोर आपटून म्हणे, “निदर्शनास आलं तर घ्या हातानं.” आणि जेवण उत्साहात संपन्न होई.

आई मात्र लिहिण्यावाचण्यातली नव्हती. ती धानाच्या बायांची मुकादम. रोवणा असो की कापणी, वीस-पंचवीस बाया तिच्या शब्दावर चालत. तिचा आवाज हा आमच्या भागातला मोठाच चमत्कार होता. माजरीच्या कोळशाच्या खाणीत कामाला असलेले माझे मामा सांगत की एकदा जमिनीखाली त्यांना स्पष्ट ऐकू आलं, ‘अवो, त्या बांधावर काऊन उभ्या आहा, इकडं या ना!’ आणि त्यांच्यासकट अख्खी पाळी जागची हलली. मामा थोडं वाढवून सांगत. पाळीतले अर्धेच हलले असतील.

त्या वर्षी कापणीच्या हंगामात टोळीतली सुगंधाबाई बांधावरच बाळंत झाली. आईनं विळ्यानं नाळ कापली, लुगड्यात पोर गुंडाळलं आणि जखमेला लावायचं औषध आणायला गावातल्या उपकेंद्राकडं धावली. उपकेंद्र म्हणजे नर्सबाईसाठी सरकारनं बांधलेल्या दोन खोल्या. दाराला कुलूप. खिडकीतून पाहिलं तर आत धानाचे कट्टे, भरलेली पोती छतापर्यंत, आणि बाळंतिणीसाठी आलेल्या लोखंडी पलंगावरही कट्टे, एकावर एक निवांत झोपलेले. कट्टे कोणाचे ते गावाला ठाऊक होतं. चाबी कोणाकडं तेही. राइस मिलवाले बापूसाहेब. आई घरी आली, हात धुतले आणि म्हणाली, “ह्या बारीले पंचायत समितीची सीट बाईची हाये ना? मी उभी राह्यतो.”

तिच्यासमोर बापूसाहेबांच्या मंडळी उभ्या होत्या. पोस्टरवर बापूसाहेबांचा फोटो ताटाएवढा आणि मंडळींचा टपाल तिकिटाएवढा. भाषणं अर्थातच बापूसाहेब करत. आणि काय करत! माणूस हौशी नट. हिवाळ्यात वडशाच्या नाटक कंपन्या गावोगाव फिरत, तेव्हा हाही कुठंतरी दयाळू बापाचं काम मिळवी आणि तिसऱ्या अंकात रडे. भाषणातही रडे. ‘माझ्या मायबाप जनतेनं’ इथपर्यंत आला की आवाज फाटे, डोळ्याला उपरणं लागे, आणि आमची माणसं, नाटकाची सवय झालेली, मागून ओरडत, “वन्स मोर!” आणि बापूसाहेब, नटच ते, दोन पावलं मागं जाऊन ‘माझ्या मायबाप जनतेनं’ पासून पुन्हा रडत. आजूबाजूच्या गावांतून बैलगाड्या करून लोक ते रडणं पाहायला येत. आजकाल माझी सून मोबाइलवर नेत्यांचे तुकडे पाहते, तीस सेकंदाचा एक, बोट वर केलं की दुसरा. मी तिला म्हणते, आमच्याकडं हेच होतं. फक्त बोट वर करायला दीड हजार माणसं लागत.

आईची एकच सभा ठरली होती, समाजमंदिरासमोर. सकाळी बाबा माइकचा सेट आणायला वडशाला गेले आणि जाताना मला म्हणाले, “बातमी लिवून कंडक्टरले देजो. गर्दी, हार, टाळ्या.” मी लिहायला बसले. गर्दी लिहिली, हार लिहिला, टाळ्या लिहिल्या. कागद अर्धा रिकामा राहिला. समोर ओसरीत आई बसली होती, उद्याच्या चुरण्यासाठी, म्हणजे धानाच्या मळणीसाठी, दोर वळत, आणि एकेक गोष्ट स्वतःशीच बडबडत होती: पलंगावर कट्टे, बांधावर बाई, कमरेला चाबी. मी विचार केला, हिला बोलायचं तर हेच आहे, संध्याकाळी हेच बोलेल. लिहून टाकू. आणि मग हात जो सुटला तो सुटलाच. ‘लिलाबाईंची तोफ धडाडली’ असा मथळा दिला. ‘बाळंतीण बांधावर आणि कट्टे पलंगावर, हा कुठला न्याय, असा खडा सवाल त्यांनी केला. उपकेंद्राच्या कुलपाची चाबी कोणाच्या कमरेला आहे हे जनतेला ठाऊक आहे, असे त्या म्हणाल्या. पाच मिनिटे टाळ्यांचा कडकडाट सुरू होता.’ पाकीट बंद केलं, कंडक्टरच्या हाती दिलं. आयुष्यात मी पुष्कळ थापा मारल्या, पण सरकारी गाडीनं पाठवलेली ती पहिलीच.

संध्याकाळी आई निळ्या काठाचं पांढरं पातळ नेसून स्टेजवर चढली. समोर दीडेकशे माणसं, पुढं तिच्याच टोळीतल्या बाया. माइकवाल्यानं तिच्या हातात माइक दिला. तिनं तो शेपटीला धरलेल्या सापासारखा अंगापासून लांब धरला. जिला बोलायला कधी तार लागली नव्हती, तिला त्या दांडीत बोलायचं काय ते समजेना. तोंड उघडलं, भोंगा ‘कुईं’ करून किंचाळला, तोंड मिटलं. मग आई नुसती उभी राहिली. समोर चहाच्या टपरीवर डोमाभाऊचा चहा एकदा उकळला, उतू गेला, दुसऱ्यांदा ठेवला, तोही उकळला. शेवटी आईनं माइक खाली ठेवला, हात जोडले, “जयभीम, नमस्कार” म्हणाली, तेही माइकशिवाय, आणि पायऱ्या उतरून घरी निघून गेली. त्या रात्री तिनं झिंग्याच्या रश्श्याला हात लावला नाही. आणि मी एकटीच जाणत होते की तिच्या भाषणाचं एक पाकीट मूल गाव ओलांडून केव्हाच चंद्रपूरला पोचलं आहे.

तर ती सकाळ. शाळेतल्या गुरुजींनी रस्त्यात आईला थांबवून बातमी मोठ्यानं वाचून दाखवली होती, आणि ती सूप तसंच हातात घेऊन घरी आली होती. शेवटी मी ढोलीमागून निघाले.

“खुलासा छाप,” आई म्हणाली. “की लिलाबाई काई बोलली नाई.”

बाबांनी पेपर खाली घेतला. चेहरा उतरला होता. “अवो, खुलासा छापला तर ते विचारतीन ना, मंग बातमी आली कुठून? एजंसी जाईन. माहीच नाई, ह्या लाइनीवरच्या साऱ्याइची जाईन.”

“जाऊ द्या.”

“आई, यात खोटं काय हाये व?” मी म्हणाले. “कट्टे हायेत ना? चाबी हाये ना?”

“ते खरं हाये,” आई म्हणाली. “मी बोलली हे खोटं हाये. खोटं सांगून मत नोको मले. बापूत न् माह्यात मंग फरक काय राह्यला? मी फारम वापस घेतो.”

ही धमकी नव्हती. फॉर्म मागं घ्यायची तारीख टळून गेली होती म्हणून काय झालं. आई तहसीलदाराच्या टेबलावरून उचलून आणायला निघाली असती. बाबा खाटेवरून उठले, बसले, पुन्हा उठले. इतक्यात ती पेपर घेऊन निघालीच, पण तहसीलकडं नव्हे, डोमाभाऊच्या टपरीकडं. साक्षीदार आणायला. मी मागोमाग.

टपरीवर चार-सहा माणसं बसली होती आणि डोमाभाऊ बोलत होता. “चाबीवर आली ना लिलाबाई, बापा रे! पदर असा खोचला, हात असा वर केला! माह्या अंगावर काटा आला. चहा उतू गेला, मले भान नाई!”

“डोमाभाऊ,” आई म्हणाली, “तू समोरच होता ना? मी काई बोलली काय कालच्याले?”

डोमाभाऊनं तिच्याकडं मोठ्या मायेनं पाहिलं. “बाई, तुमाले काय समजनार? तुमी स्टेजवर होत्या. आमी आयकून राह्यलो होतो.”

बाकीच्यांनी माना हलवल्या. त्यांतले दोघं त्या संध्याकाळी गावातच नव्हते. एक कोरपन्याला जावयाकडं कापूस वेचायला गेलेला, तो तर टाळ्या पाच नाही, सात मिनिटं पडल्या असं सांगू लागला. आई त्यांच्याकडं पाहत राहिली. मग ती घरी आली, चुलीसमोर बसली आणि मला म्हणाली, “वाच.”

“काय?”

“काय बोलली ते. वाच पूरं.”

मी वाचलं. तिनं पुन्हा वाचायला लावलं. तिसऱ्या वेळी तिचे ओठ माझ्याबरोबर हलत होते. चुलीवरचं वरण करपलं, आणि ते निदर्शनास आणून द्यायची बाबांची हिंमत झाली नाही. “झालं पाठ,” आई म्हणाली. “आता बोलून टाकतो. बोलली म्हंजे मंग खोटं नाई राह्यनार.”

दुसऱ्या दिवशी ती खळ्यावर गेली. स्टेज नाही, माइक नाही. चुरणं चाललेलं, बैल फिरत होते, पलीकडच्या खळ्यावर दुसऱ्या गावच्या बाया. आई धानाच्या ढिगावर चढली, कमरेवर हात ठेवला आणि ओरडली, “बाळंतीन बांधावर आन् कट्टे पलंगावर, हा कुठला न्याय, असा खडा सवाल त्यांनी केला!”

बैल थांबले.

“चाबी कोनाच्या कमरेले हाये हे जनतेले ठाऊक हाये, असे त्या म्हणाल्या!”

पलीकडून कोणी ओरडलं, “कोन त्या?”

“पेपरातली लिलाबाई!”

“मंग तुमी कोन?”

“मीच ते! पन बोलली ते होती!”

मी डोकं धरून बसले. घरी आल्यावर म्हटलं, “आई, ‘असे त्या म्हणाल्या’ हे बोलायचं नसतं व. ते लिहिणाऱ्याचं असतं.” ती म्हणाली, “मालूम हाये. पन त्या दिवशी मी म्हटलं नाई ना? पेपर म्हनते त्या म्हणाल्या. तर तसंच सांगतो. त्यात माह्यं खोटं नाई.” पुढचे आठ दिवस ती बांधाबांधावरून, खळ्याखळ्यावरून तेच भाषण तसंच्या तसं, ‘टाळ्यांचा कडकडाट सुरू होता’ सकट, ओरडत फिरली. आणि टाळ्या पडत. सांगितलेल्या असल्यामुळं पडतच.

हे बापूसाहेबांच्या कानावर गेलं नसतं तरच नवल. नदीपलीकडं त्यांच्या मिलच्या पट्ट्याच्या आवाजावरून आईचा आवाज ऐकू जात होता. त्यांच्या माणसांनी सांगितलं, दुर्लक्ष करा. पण नटाला दुर्लक्ष कुठून जमायचं? शेवटच्या मोठ्या सभेत ते पेपर घेऊनच उभे राहिले. वडशाचा केबलवाला कॅमेरा घेऊन आला होता, कारण संध्याकाळी सिनेमाच्या आधी तो गावच्या बातम्या दाखवी. बापूसाहेबांनी माझी बातमी सबंध वाचून दाखवली, माझ्यापेक्षा कितीतरी छान वाचली. मग पेपर छातीशी धरला, आवाज फाटला, उपरणं डोळ्याला गेलं. “असतील! असतील ते कट्टे माझे! असेल चाबी माझ्या कमरेला! पण मायबापहो, त्या कट्ट्यातला दाणा कोणाचा? तुमचा!” आणि रडले. असे रडले की केबलवाल्यानंही एका हातानं डोळे पुसले. त्याच्या टेपमध्ये तिथं चित्र जरासं हललं आहे.

“वन्स मोर!”

आता शहाण्या माणसानं इथं थांबावं. बापूसाहेब दोन पावलं मागं गेले. “असतील ते कट्टे माझे! असेल चाबी माझ्या कमरेला!”

“वन्स मोर!”

तीन वेळा. तिसऱ्या वेळी त्यांनी कमरेची चाबी काढून उंच धरली. प्रयोग रंगला होता. केबलवाल्यानं ते मतदानापर्यंत रोज सिनेमाआधी दाखवलं. जिथं आईचा आवाज पोचला नव्हता तिथं केबलची तार पोचली होती.

आई थोडक्या मतांनी निवडून आली. त्याच आठवड्यात बापूसाहेबांचा माणूस चाबी आमच्या ओसरीत ठेवून गेला. कट्टे निघाले, पलंग धुतला गेला, महिन्याभरात एक तरुण नर्सबाई ट्रंक घेऊन एसटीतून उतरली. आईनं तिला पहिल्या दिवशी झिंग्याचा रस्सा खाऊ घातला आणि माइक मात्र पाच वर्षं हातात धरला नाही.

ही निवडणूक कशी जिंकली यावर आमच्या भागात अजून वाद आहेत. बाबा अखेरपर्यंत मानत की छापील शब्दाची ताकद. केबलवाला आता एका वाहिनीचा मोठा माणूस झाला आहे. तो म्हणतो, कॅमेरा. बापूसाहेब म्हणत, “वन्स मोरनं मारलं मले.” आणि मी? मी इतकी वर्षं चारचौघांत विनयानं खाली पाहत आले आहे, म्हणजे लोकांनी समजून घ्यावं.

परवा गावी गेले होते. उपकेंद्राच्या ओसरीत सुगंधाबाई रक्तदाब मोजायला बसली होती. दात गेलेत, कान मात्र शाबूत. बांधावर झालेला तिचा पोरगा आता दोन पोरांचा बाप आहे. मी शेजारी बसले आणि सरळ विचारलं, “बाई, खरं सांग. तू त्या सभेत पुढंच बसली होती. आई काहीच बोलली नव्हती, तुला माहीत होतं. मग पेपर वाचून मत दिलं, का खळ्यावर ऐकून?”

“पेपर मले कुठी वाचता येते?” ती म्हणाली. “आन् खळ्यावर मी कुठी होती? मांडीवर पोरगं होतं ना.”

“मग बापूसाहेबांचं केबलवर पाहिलं?”

“पाह्यलं ना. तीनदा. मस्त रडे बुवा.”

“मग आईले मत काऊन दिलं?”

सुगंधाबाईनं बाही वर केली, हात नर्सबाईपुढं धरला.

“ते बोलली नाई,” ती म्हणाली. “लवकर घरी गेलो आमी.”